औषधचिठ्ठीवरील संक्षेपाक्षरे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



खेड्यातील शाळा सुटल्यावर मास्तरांकडे जे कागद वाचून घेण्यासाठी येतात, त्यांत एके काळी आप्तांची पत्रे आणि कोर्टकचेरीच्या नोटिसा असत. आज त्यांत डॉक्टरांची चिठ्ठीही असते. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातील एखादी वृद्धा बांबोळीच्या इस्पितळातून संध्याकाळच्या बसने परत येते. हातात गोळ्यांची पिशवी आणि घडी घातलेला कागद असतो. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या ओट्यावर येऊन विचारते, "मास्तर, यातली कुठली गोळी कधी घेऊ?" मास्तरांना इंग्रजी उत्तम येते, पण त्या कागदावर इंग्रजी वाक्य एकही नसते. औषधाचे नाव, एक आकडा आणि त्यापुढे दोन-तीन अक्षरे, एवढाच मजकूर असतो. मास्तर क्षणभर थांबतात, आणि मग अंदाजाने उत्तर देतात.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा अंदाज आहे. तो बहुतेक वेळा बरोबर येतो. ज्या वेळी चुकतो, त्या वेळी त्याची किंमत मास्तरांना नव्हे, त्या वृद्धेला मोजावी लागते.

ही अक्षरे आली कोठून?

पाश्चात्त्य वैद्यकाची भाषा अनेक शतके लॅटिन होती. चिठ्ठीच्या माथ्यावर आर या इंग्रजी अक्षराच्या पायाला तिरकी रेघ मारलेली जी खूण दिसते, ती 'रेसिपे' या लॅटिन शब्दाची आहे. तिचा अर्थ 'घे' असा आहे. ही आज्ञा रोग्याला केलेली नव्हती. 'ही द्रव्ये इतक्या प्रमाणात घे आणि औषध तयार कर' असे वैद्य आपल्या औषध बनविणाऱ्याला सांगत असे. चिठ्ठीच्या अखेरीस 'सिग्ना' असा दुसरा शब्द येई. त्याचा आशय 'बाटलीवर लिही' असा होता. औषध केव्हा व किती घ्यावयाचे हे तेथे सांगितलेले असे, आणि ते रोग्याला समजेल अशा रीतीने बाटलीच्या चिठ्ठीवर उतरविणे हे औषध बनविणाऱ्याचे काम होते. म्हणजे लॅटिनचा व्यवहार दोन जाणकारांपुरताच होता. रोग्यापर्यंत जाताना त्याचे भाषांतर व्हावे, ही सोय त्या पद्धतीतच केलेली होती.

आपल्याकडील जुन्या दवाखान्यांतही हे भाषांतर होत असे. लाल मिश्रणाची काचेची बाटली आणि तिच्या अंगावर उभी चिकटविलेली, करवतीच्या दात्यांप्रमाणे कातरलेली कागदाची पट्टी पाहिलेली मंडळी येथे असतील. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा, हे निरक्षर माणसालाही कळे. बाटली हातात देताना कंपाउंडर सांगे, "हलवून घ्या, दिवसातून तीनदा, जेवल्यावर." चिठ्ठी लॅटिनमध्ये असली तरी औषध रोग्याच्या भाषेत घरी जात असे.

पुढे औषधे कारखान्यात तयार होऊ लागली. मिश्रणाची बाटली गेली आणि तिच्याबरोबर कातरलेली पट्टीही गेली. आता गोळ्यांच्या पाकिटातून हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून दिल्या जातात. कापताना कित्येकदा औषधाचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख दुकानातच राहते. दोन जाणकारांमधील खासगी लिपी मात्र भाषांतराविना थेट रोग्याच्या हाती पडू लागली. गोव्यात तर हे अंतर अधिकच जुने आहे. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण पोर्तुगीज भाषेतून होत असे. मुक्तीनंतर, १९६३ साली, तेथे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि इंग्रजी आली. राज्यकारभाराची भाषा पालटली, परंतु चिठ्ठीची भाषा रोग्याची झाली नाही.

नेहमीची अक्षरे आणि त्यांचे अर्थ

चिठ्ठीवर वारंवार येणारी अक्षरे फार नाहीत. ओ. डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी. डी. म्हणजे दोनदा, टी. डी. एस. म्हणजे तीनदा आणि क्यू. आय. डी. किंवा क्यू. डी. एस. म्हणजे चार वेळा. ए. सी. म्हणजे जेवणापूर्वी आणि पी. सी. म्हणजे जेवणानंतर. एच. एस. म्हणजे रात्री झोपतेवेळी. स्टॅट म्हणजे तत्काळ. टॅब म्हणजे गोळी, कॅप म्हणजे कॅप्सूल, सिर म्हणजे पातळ औषध, इंज म्हणजे सुई. आय. एम. म्हणजे स्नायूत आणि आय. व्ही. म्हणजे शिरेत द्यावयाचे औषध. एस. एल. लिहिले असेल तर गोळी जिभेखाली ठेवावयाची असते. छातीतील कळेवर दिली जाणारी अशी गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली, तर तिचा गुण यावयास वेळ लागतो, आणि अशा दुखण्यात वेळच महत्त्वाचा असतो.

एस. ओ. एस. या अक्षरांविषयी विशेष सांगावयास हवे. संकटात सापडलेली जहाजे देतात ती हाक म्हणून ही अक्षरे परिचित आहेत. चिठ्ठीवर मात्र त्यांचा अर्थ 'गरज पडली तरच' असा आहे. ताप किंवा वेदना यांवरील पॅरासिटामॉल पुष्कळदा असे लिहिलेले असते. ते न कळल्यामुळे रोगी ती गोळी इतर गोळ्यांबरोबर रोज नेमाने घेत राहतो, आणि त्यातच सर्दीची दुसरी गोळी घेतो, जिच्यात तेच द्रव्य असते. प्रौढ माणसाने चोवीस तासांत चार ग्रॅमपेक्षा, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा, अधिक पॅरासिटामॉल घेतले तर यकृताला इजा होण्याचा धोका असतो. मद्यपान करणाऱ्या किंवा अंगाने खंगलेल्या माणसाला हा धोका त्याहून कमी मात्रेतही असतो.

आपल्या देशातील डॉक्टरांनी एक सोपी पद्धतही रूढ केली आहे. '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही खूण लॅटिनपेक्षा कितीतरी सुबोध आहे. याउलट '५/७' अशी खूण तारखेसारखी दिसते. तिचा अर्थ पाच दिवस असा आहे. '२/५२' म्हणजे दोन आठवडे आणि '३/१२' म्हणजे तीन महिने. ही खूण ज्याला ठाऊक नाही, तो पाच जुलैला पुन्हा दवाखान्यात यावयाचे आहे असेच समजणार.

संक्षेपांची उपयुक्तता

डॉक्टर आळसाने किंवा लपविण्यासाठी असे लिहितात, असे समजणे अन्यायाचे होईल. बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागलेली असते आणि एका रोग्याच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. अत्यवस्थ रोग्याजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला लांब वाक्य वाचण्याइतकी फुरसत नसते. शिवाय ही अक्षरे भाषेच्या सीमा ओलांडतात. बांबोळीला लिहिलेली चिठ्ठी दोडामार्ग, बेळगाव किंवा कारवार येथील औषधविक्रेता सारख्याच अर्थाने वाचतो. मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणारी माणसे एकाच इस्पितळाच्या आश्रयाला येतात, अशा सीमाभागात या सोयीचे मोल मोठे आहे.

काही संक्षेप तर लोकांनी आपलेसे केले आहेत. ओ. आर. एस. ही तीन अक्षरे आज खेड्यातील मातेलाही ठाऊक असतात. याचे कारण अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि शिक्षक यांनी ती वर्षानुवर्षे समजावून सांगितली. अर्थ पोहोचला म्हणून अक्षरे उपयोगी पडली. तरीही एक लिटर पाण्यात मिसळावयाची पुडी पेलाभर पाण्यात घालणारी घरे आढळतात. नाव माहीत असणे आणि कृती माहीत असणे यांत अंतर राहते, ते असे.

अक्षरे घात करतात ती कशी?

संक्षेपाचा पहिला दोष असा, की एकाच अक्षरजोडीला अनेक अर्थ असतात. ओ. डी. म्हणजे दिवसातून एकदा. परंतु नेत्रवैद्यकात त्याच अक्षरांचा अर्थ उजवा डोळा असा आहे, आणि अन्यत्र त्यांचा अर्थ औषधाची अतिमात्रा असाही होतो. एच. एस. म्हणजे झोपतेवेळी, तसेच अर्ध्या शक्तीचे औषधही. पी. आय. डी. ही अक्षरे स्त्रीरोगतज्ज्ञ ओटीपोटाच्या दाहासाठी लिहितो, तर अस्थिरोगतज्ज्ञ मणक्यामधील सरकलेल्या चकतीसाठी लिहितो. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ एकच असतो. वाचणाऱ्याने तो निवडावयाचा असतो.

दुसरा दोष हस्ताक्षराचा. इन्शुलिनचे प्रमाण युनिट या मापात असते. त्यासाठी आकड्यापुढे इंग्रजी यू हे अक्षर लिहिले आणि त्याचे तोंड किंचित मिटले, तर ते शून्यासारखे दिसते. दहा युनिटांचे शंभर होतात. इतके इन्शुलिन दिले गेले तर रक्तातील साखर एकदम उतरून रोगी बेशुद्ध होतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास दगावतो. दशांश चिन्हाचेही तसेच आहे. '१.०' लिहिले आणि टिंब पुसट उमटले, तर एकाचे दहा होतात. शून्य न लिहिता नुसते '.५' लिहिले, तर अर्ध्याचे पाच होतात. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांच्या खुणा एकमेकींसारख्या वाचल्या गेल्या, तर मात्रा हजारपट होते.

तिसरा दोष औषधांची नावेच आखूड करण्याचा. मॉर्फीन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचे संक्षेप एकमेकांजवळ येतात. पहिले औषध तीव्र वेदनेवर देतात, तर दुसरे गरोदर स्त्रीला रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर देतात. त्यांची अदलाबदल जीवघेणी ठरू शकते. अशाच अनुभवांवरून अमेरिकेतील इस्पितळांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी ठरविली. युनिटासाठी नुसते यू, निरर्थक दशांश शून्य आणि वरील दोन सल्फेटांचे संक्षेप यांचा तीत समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही औषधयोजनेतील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी २०१७ साली जागतिक मोहीम जाहीर केली.

आता आरंभीच्या वृद्धेकडे वळू. समजा, तिला सांधे सुजण्याचा संधिवात आहे आणि तिला मेथोट्रेक्सेट हे औषध दिलेले आहे. या विकारावर ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. त्याच्या जोडीला फॉलिक आम्लाची गोळी असते. दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान आणि पिवळसर असतात. चिठ्ठीवर आठवड्याची खूण दोन अक्षरांत कोपऱ्यात लिहिलेली आहे. बाकीच्या सर्व गोळ्या रोजच्या आहेत, म्हणून मास्तर सहजच सांगतात, "आजी, रोज एक." काही दिवसांतच तिच्या तोंडात फोड येतात आणि अन्न गिळवत नाही. घरची माणसे ते उष्णतेवर घालवतात. प्रत्यक्षात अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तातील पेशी घटू लागलेल्या असतात. अशा चुकीने जगभर माणसे दगावलेली आहेत. 'दर सोमवारी एकच गोळी, रोज नाही' एवढे मराठीत लिहिले असते, तर हा प्रसंग टळला असता.

इस्पितळातील इतर कागद

औषधचिठ्ठीखेरीज अन्य कागदांवरही अशी अक्षरे असतात. खाटेजवळच्या पाटीवर एन. बी. एम. लिहिलेले असेल, तर तोंडाने काहीही द्यावयाचे नाही, असा त्याचा अर्थ आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला 'पोटात काही नाही बिचाऱ्याच्या' म्हणून मायेने चहा-बिस्किट देणारे नातेवाईक असतात. भूल दिल्यानंतर पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत गेले, तर प्राणावर बेतते. तो चहा देणाऱ्या आईचा यात काय दोष? पाटी तिच्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

'लामा' किंवा 'डामा' ही अक्षरे आली, तर रोग्याला वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेले जात आहे, असा त्यांचा अर्थ होतो. त्याखाली सही करणाऱ्याला पुढील धोका स्वभाषेत समजावून सांगितला गेला पाहिजे. गरोदर मातेच्या कार्डावर एल. एम. पी. म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख आणि ई. डी. डी. म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख. पहिलीपासून दुसरी सुमारे २८० दिवसांवर असते. एच. बी. म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन. गरोदरपणात ते अकराच्या खाली गेले तर रक्तक्षय समजतात, आणि सातच्या खाली गेले तर तो गंभीर असतो. बी. पी.च्या रकान्यात १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा असेल तर त्वरित तपासणी करावी लागते. हे कार्ड ज्या घरात वाचता येते, त्या घरात धोका आधी ओळखला जातो.

नियम काय सांगतात?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांनुसार औषधचिठ्ठी लेखी, सहीची व तारखेची असावी लागते, आणि तीत रोग्याचे नाव, पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण व घ्यावयाची मात्रा नमूद असावी लागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २०१६ साली दुरुस्ती होऊन, औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे ठरविण्यात आले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ साली त्याच्याही पुढे जाऊन, वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाखालील आरोग्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. परंतु सुवाच्य टी. डी. एस. हेही शेवटी टी. डी. एस.च असते. अक्षर वाचता येणे ही पहिली पायरी आहे; अर्थ कळणे ही दुसरी.

प्रत्येकाने काय करावे?

डॉक्टरांनी आपसातील कागदांवर संक्षेप अवश्य वापरावेत. पण जो कागद घरी जावयाचा आहे, त्यावर निदान वेळ आणि मात्रा पूर्ण शब्दांत लिहावी. युनिट हा शब्द पुरता लिहावा. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या औषधाचा वार लिहावा. 'गरज पडल्यास' असे लिहिताना गरज कोणती, दोन मात्रांत किती तासांचे अंतर आणि दिवसाला अधिकात अधिक किती, हेही लिहावे.

औषधविक्रेत्याकडे कंपाउंडरच्या पट्टीचा वारसा आला आहे. पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढण्यास पेन्सिल पुरे होते. गोळ्या कापून देताना नाव आणि मुदत रोग्याकडील भागावर राहील असे पाहावे. मुलांच्या औषधात थेंब आणि पातळ औषध यांतील फरक बजावून सांगावा. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम शक्तीचे असतात, तर नेहमीच्या पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरांत १२५ मिलिग्रॅम असतात. पातळ औषधासाठी सांगितलेले माप थेंबांना लावले, तर मुलाला चौपट औषध जाते. चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. स्वयंपाकघरातील चमचे लहान-मोठे असतात, म्हणून बाटलीबरोबर मिळणारे मापच वापरावयास सांगावे.

ग्रामपंचायतींनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी नेहमीच्या संक्षेपांचा मराठी व कोकणी अर्थ देणारा तक्ता औषधवाटपाच्या खिडकीजवळ लावावा. उपकेंद्रातील परिचारिकेने गृहभेटीत औषधांची पिशवी उघडून पाहावी आणि रोग्याकडूनच विचारून घ्यावे, "ही गोळी तुम्ही कधी घेता?" त्या उत्तरावरून चूक जितकी लवकर ध्यानात येते, तितकी उपदेशाने येत नाही.

रोग्याने दवाखाना सोडण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात: हे औषध कशासाठी, एका वेळी किती, केव्हा, किती दिवस, आणि काय झाले तर लगेच परत यावे. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. डॉक्टरांचा वेळ जातो म्हणून संकोच करणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की चुकीच्या मात्रेने आजारी पडून पुन्हा आलेल्या रोग्यावर त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो.

उरले मास्तर. गावाने त्यांच्यावर विश्वास टाकला आहे, आणि तो कागद वाचून देणे ही सेवाच आहे. या सेवेला एकच बंधन असावे. जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगावे, आणि एका अक्षराविषयी जरी शंका आली तरी अंदाज बांधू नये. "आजी, हे मला नीट लागत नाही, आरोग्य केंद्रात विचारून सांगतो. तोवर ही गोळी घेऊ नका" असे म्हणण्यात शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. चिठ्ठीवर दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक बहुधा असतो. त्याच दिवशी चौकशी करावी. मग उत्तर वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावे, आणि ते पान औषधाच्या पिशवीतच ठेवावयास सांगावे.